सुप्त क्षय आणि रक्ताची साक्ष

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा संसार काही काळ अलिबागेस होता. पती गोपाळराव यांची टपाल खात्यातील नोकरी त्यांस तेथे घेऊन आली होती. पेण व रोहा ही गावे त्याच मुलखातील. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळवून स्वदेशी परतलेल्या या विदुषीचा २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने अंत झाला. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजीच जगापुढे मांडला होता. शत्रू ओळखीचा झाला होता. परंतु तो कोणाच्या देहात निजून आहे, हे सांगणारी कसोटी अद्याप नव्हती.

ती कसोटी निघाली एका फसलेल्या औषधातून. १८९० साली कॉखने ट्यूबरक्युलिन पुढे आणले. त्याने रोग हटला नाही. पुढे १९०७ साली व्हिएन्नाच्या पिर्के याने त्वचेवर ओरखडा काढून व १९०८ साली फ्रान्सच्या मांतू याने त्वचेच्या आत टोचून त्याच द्रव्याची परीक्षा बनविली. तेव्हा वरून निरोगी दिसणाऱ्या मुलांच्या हातांवरही सूज उठली! जंतू आत असूनही देहाने त्यास कोंडून ठेविलेले असते. असा मनुष्य आजारी नसतो व रोगही पसरवीत नाही. यालाच सुप्त क्षय म्हणतात. अशा शंभरांपैकी सुमारे पाच ते दहा जणांस पुढे आयुष्यात केव्हातरी रोग जडतो.

परंतु बीसीजीची लस घेतलेल्यांच्या हातावरही तशीच सूज उठू शकते. भारतात १९४८ पासून ही लस टोचली जाऊ लागल्यावर हा घोटाळा वाढला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी रक्ताची इंटरफेरॉन परीक्षा आली. तिच्यासाठी लशीत नसलेली क्षयजंतूची प्रथिने निवडण्यात आली. एका नळीत रक्त नुसतेच ठेवतात, दुसरीत ही प्रथिने घालतात, तर आणखी एकीत पेशींस हमखास जागविणारे द्रव्य असते. या शेवटच्या नळीतही पेशी जाग्या झाल्या नाहीत, अथवा नुसत्या रक्तानेच फार गलबला केला, तर निकाल ‘अनिर्णित’ येतो.

अनिर्णित म्हणजे थोडासा क्षय नव्हे, आणि निर्दोषत्वही नव्हे. साक्षीदार बोललाच नाही, एवढाच त्याचा अर्थ. देहाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल तर असे होते. नमुन्याची हेळसांड झाल्यासही होते. नेहमीच्या रीतीत या नळ्या सोळा तासांच्या आत ३७ अंशांच्या उबदार पेटीत ठेवाव्या लागतात. पेणहून वा रोह्याहून रक्त दूरच्या प्रयोगशाळेत धाडावयाचे असेल, तर वाटेतला विलंबही निकाल बिघडवू शकतो. सीमेवरचा निकाल निराळा. ०.३५ हा आकडा ओलांडला की ‘आहे’ असे लिहितात. पण त्याच्या आसपासचा आकडा दुसऱ्या खेपेस सहज उलटतो.

येथे चूक महाग पडते. एका बाजूस महिनोन्‌महिने व्यर्थ औषध, दुसऱ्या बाजूस घरातील पोर उघड्यावर. म्हणून परीक्षा पुन्हा करावी. आणि खोकला, ताप, वजनातील घट व छातीचे क्ष-किरण चित्र वैद्याने स्वतः पडताळावे, कारण निजलेला व जागा झालेला क्षय यांतील भेद रक्त सांगत नाही. घरात क्षयरोगी असता पाच वर्षांखालील बालकास, रोग नाही अशी खात्री करून, या परीक्षेवाचूनही प्रतिबंधक औषध द्यावे, असे भारतातील राष्ट्रीय धोरण आहे. साक्षीदार मुका राहिला, तरी न्यायाधीशास उठून जाता येत नाही.