फूड प्लांट सोल्युशन्स

कुपोषणाने ग्रासलेल्या देशांतील लोकांना त्यांच्याच परिसरात उगवणाऱ्या खाद्य वनस्पतींची माहिती पुरवणारा, रोटरी या आंतरराष्ट्रीय सेवासंघटनेच्या सदस्यांचा उपक्रम. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावरील रोटरी क्लब ऑफ डेव्हनपोर्ट नॉर्थ आणि रोटरीचा प्रांत (क्लबांचा प्रादेशिक गट) ९८३० यांनी तो २००७ मध्ये सुरू केला. पुढे त्याला ‘रोटरी अ‍ॅक्शन ग्रुप’ म्हणून मान्यता मिळाली. परदेशातील शेतीला मदत म्हणजे बियाणे, अवजारे किंवा पैसा, ही रूढ कल्पना बाजूला ठेवून हा उपक्रम मुख्यतः माहिती देतो.

पार्श्वभूमी : टास्मानियाचे कृषितज्ज्ञ ब्रूस फ्रेंच पापुआ न्यू गिनीत शेती हा विषय शिकवत होते. पाठ्यक्रमात भर होता तो बाहेरून आलेल्या पिकांवर. विद्यार्थ्यांना मात्र आपल्या गावच्या वनस्पतींविषयी जाणून घ्यायचे होते. त्यांबद्दल एकत्रित लिखित माहिती फारशी नव्हती. फ्रेंच यांनी ती गोळा करायला सुरुवात केली आणि हे काम पुढे अनेक दशके चालले. त्यांच्या माहितीसंचात आज जगभरच्या ३०,००० हून अधिक खाद्य वनस्पतींच्या नोंदी आहेत. वनस्पतीचे नाव व वर्णन, ती कोठे व कशी वाढते, तिचा कोणता भाग खातात आणि उपलब्ध असल्यास तिची पोषणमूल्ये, असे या नोंदींचे स्वरूप असते. हा साठा अभ्यासकांपुरता न राहता गरजू कुटुंबांपर्यंत जावा, हे काम रोटरी क्लबने अंगावर घेतले.

कार्यपद्धती : माहितीसंचातून एखाद्या देशाच्या हवामानाला व जमिनीला मानवणाऱ्या, पोषक आणि घरच्या घरी लावता येण्याजोग्या वनस्पती निवडून त्यांच्या सचित्र पुस्तिका व तक्ते तयार केले जातात. स्थानिक संस्था, शिक्षक आणि शेती-मार्गदर्शक त्यांचा वापर परसबागा व शाळांच्या बागा उभारताना करतात. भर असतो तो वैविध्यावर : पिष्टमय कंदाबरोबर हिरवा पाला, शेंगा आणि फळेही ताटात यावीत आणि वर्षभर काही ना काही काढणीला असावे.

या विचाराचे कारण पापुआ न्यू गिनीच्या आहारात दिसते. तेथील डोंगराळ भागात रताळे, तर सखल दलदलीच्या भागात सागो ताडाच्या खोडातील पीठ हे मुख्य अन्न आहे. सागोने पोट भरते, पण त्यात प्रथिने व जीवनसत्त्वे नगण्य असतात. उलट त्याच देशात पिकणाऱ्या चौधारी घेवड्याच्या शेंगा, पाने, फुले, बिया आणि मुळांचे कंद असे जवळजवळ सगळे भाग खाता येतात. शेवगा, अळू, माठ, रताळ्याचा पाला या उष्ण प्रदेशातील भाज्याही सहज लागतात. महाराष्ट्राच्या परसदारीही त्या परिचित आहेत. कोबीसारख्या बाहेरून आणलेल्या पिकांना उष्ण, दमट हवेत रोग-किडींचा उपद्रव फार होतो आणि बी पुन्हा विकत आणावे लागते. शेवगा मात्र फांदीपासून, रताळे वेलीच्या तुकड्यापासून लावता येते.

रोटरीतील स्थान : १९०५ मध्ये शिकागो येथे पॉल हॅरिस यांनी स्थापन केलेल्या रोटरीत क्लब हा मूळ घटक आहे. रोटरी फाउंडेशनच्या जागतिक अनुदानासाठी प्रकल्पाच्या देशातील क्लब किंवा प्रांत आणि दुसऱ्या देशातील क्लब किंवा प्रांत अशी जोडी लागते. प्रकल्पाचा खर्चही किमान ३०,००० डॉलर असावा लागतो. अ‍ॅक्शन ग्रुपची रचना वेगळी असते. एखाद्या विषयात जाणकार असलेले सदस्य देशांच्या सीमा ओलांडून एकत्र येतात आणि क्लबांना सल्ला देतात. असे गट रोटरी इंटरनॅशनल या मूळ संघटनेपासून स्वतंत्रपणे चालतात व आपला निधी स्वतः उभा करतात. पुस्तिका छापण्याचा खर्च धरण किंवा विहीर बांधण्याच्या मानाने किरकोळ असल्याने लहान क्लबलाही असे काम झेपते.

मर्यादा : नुसत्या यादीने आहार बदलत नाही. एकाच वनस्पतीला गावागणिक वेगळे नाव असते, त्यामुळे ओळख पटवायला स्थानिक जाणकार लागतोच. काही वनस्पती प्रक्रियेशिवाय अपायकारक ठरतात : अळूतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खाजतो, म्हणून ते नीट शिजवावे लागते, तर कडू कसावा या कंदातील सायनाइडजनक द्रव्ये काढल्याशिवाय तो खाणे धोक्याचे असते. रानातला पाला म्हणजे गरिबाचे खाणे, ही समजूतही आड येते. म्हणून पुस्तिकेइतकेच महत्त्व लागवडीच्या प्रात्यक्षिकाला आणि रांधण्याच्या पद्धतीला दिले जाते.