यमुनेची वाट

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून वाङ्मयेतिहासात त्याची नोंद असते. म्हणजेच परीक्षेपुरते त्याचे नाव पुष्कळांना ठाऊक असते आणि वाचलेले फार थोड्यांनी असते. आम्हीही त्या पुष्कळांतलेच होतो. फादर स्टीफन्स यांचे १६१६ सालचे ‘क्रिस्तपुराण’ आपल्या कॅथलिक घरांत निदान नावाने तरी आपले वाटते. बाबा पदमनजी पडले प्रोटेस्टंट, त्यामुळे त्यांच्याकडे आपण शेजाऱ्याच्या नजरेने पाहत आलो. गेल्या पावसाळ्यात येरवड्याच्या आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी रविवारच्या मिस्साबलिदानानंतर एकत्र बसून हे पुस्तक वाचावयाचे ठरविले, तेव्हा कोठे आम्ही ते आरंभापासून अखेरपर्यंत वाचले.

येरवडा म्हटले की महाराष्ट्राला तुरुंग आठवतो, त्याला आमचा इलाज नाही. आम्हांला मात्र जवळच्याच नगर रस्त्यावरील सेमिनरी आठवते. तेथे संत इग्नाती लोयोला यांची कथा आम्ही कितीदा ऐकली असेल! १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झालेल्या त्या सरदाराने अंथरुणावर पडल्या पडल्या वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे हाती आली आणि आयुष्याची दिशाच पालटली. जीवनाची वाट अशी एका खोलीत, एकट्याला सापडते, अशी आमची तेव्हापासूनची समजूत होती. यमुनेने ती थोडी ढिली केली.

कथानक साधे आहे. यमुना आणि तिचे पती विनायकराव या सुशिक्षित जोडप्याची मनातून ख्रिस्तावर श्रद्धा आहे. जगाला मात्र ती सांगितलेली नाही. दोघे प्रवासाला निघतात. ठिकठिकाणी विधवांच्या हकिकती त्यांच्या कानी पडतात. पुढे विनायकराव अपघाताने दगावतात आणि काल इतरांसाठी हळहळणारी यमुना स्वतःच त्या दुःखितांत जाऊन बसते. शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते व एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह करते. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली १८५६ साली, आणि पुस्तक निघाले दुसऱ्याच वर्षी. कायदा झाला तरी घराचा उंबरठा तेवढाच उंच राहतो, हे लेखकाला पक्के ठाऊक होते.

पुस्तकात दोष आहेत. संवाद लांबतात, पात्रे बोलता बोलता प्रवचन करू लागतात. (या दोषाबद्दल आम्ही धर्मगुरूंनी कोणाला बोल लावावा, हा प्रश्नच आहे.) परंतु विधवा स्वतःचे दुःख सांगू लागल्या की तेच गद्य जिवंत होते.

आम्हांला अधिक विचारात पाडले ते लेखकाच्या स्वतःच्या आयुष्याने. बाबांचा जन्म १८३१ साली बेळगाव येथे झाला. शिक्षण मिशनच्या शाळांत झाले. मुंबईत जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला. ही सभा गुप्तपणे चाले. मनाला पटलेले जनात उच्चारता न येणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. १८५४ साली बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या पत्नीने त्यांच्याबरोबर नांदण्यास नकार दिला.

आता कादंबरीकडे पुन्हा पाहावे. कादंबरीतील पतिपत्नी एकाच श्रद्धेने, एकाच वाटेने चाललेली आहेत. बाप्तिस्म्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी हे लिहिणाऱ्या माणसाच्या घरात नेमके तेच घडले नव्हते. जे पदरी पडले नाही ते त्यांनी कागदावर मांडले, असे आम्हांला वाटते. हे दुखणे एकट्या बाबांचेही नव्हते. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहवास नाकारला तर विवाहबंधन सोडविता यावे, यासाठी सरकारला १८६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. विवाह संस्कार मानणाऱ्या आम्हां कॅथलिकांना तो वाचताना अवघडल्यासारखे होते. पण त्यामागची ओस पडलेली घरे नाकारता येत नाहीत.

शेवटचे प्रकरण संपल्यावर आमच्या मंडळींपैकी एक बाई बोलल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. मुले त्यांनी एकटीने वाढविली. त्या म्हणाल्या, “यमुनेला दुसरा नवरा मिळाला आणि गोष्ट संपली. फादर, माझी तर नवरा गेल्यावर सुरू झाली.”

आम्हांला उत्तर सुचले नाही. पंडिता रमाबाईंचे नाव तेवढे घेतले. पुस्तकानंतर वर्षभराने, १८५८ साली, रमाबाई जन्मल्या. १८८२ साली वैधव्य आले, दुसऱ्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पुनर्विवाह त्यांनी केला नाही. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या पुण्यात आणले. यमुनेची वाट मांडवात थांबली. रमाबाईंची तेथे थांबली नाही. बाईंनी ऐकून घेतले, मग विचारले, “आणि बाबांची ती बायको? तिची वाट कुठे लिहिली आहे?”

बाबांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. पण ते बाबांचे आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर मागे राहिलेल्या स्त्रीच्या तोंडून ऐकावयाचे तर लक्ष्मीबाई टिळकांकडे जावे लागते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई त्यांच्या वाटेला आल्या त्या सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी, वाटेत भांडत, रडत आणि हसतही. म्हणून आता ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास घेतले आहे. पहिल्या रविवारचे वाचन त्याच बाईंनी मागून घेतले.