सी हॉक उरलं, विक्रांत गेली: संग्रहालयातलं विमान कसं वाचायचं?

'साधन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कागदच येतो. दप्तर, पत्रव्यवहार, जुनं वर्तमानपत्र वगैरे. पण एखादी वस्तूही साधन असते, आणि तिला प्रश्न विचारायची पद्धत शिकावी लागते. आज एक उदाहरण घेऊ.

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झालं. तिथे सी हॉक हे लढाऊ विमान ठेवलेलं आहे. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांत या विमानवाहू नौकेवरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजार व चितगाववर हल्ले केले. म्हणून समोरचं विमान बघून आपण पटकन म्हणतो, 'हे ७१ चं युद्ध लढलेलं विमान!'

जरा थांबा. 'सी हॉक' हा प्रकार झाला, समोर आहे तो एक नग. भारताने ही विमानं ब्रिटनकडून घेतली आणि पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाची वापरलेली २८ विमानंही घेतली. सगळीच काही त्या डिसेंबरात विक्रांतवर नव्हती. त्यामुळे पहिला प्रश्न: या नगाचा क्रमांक काय? आणि तो रंगवलेला आहे की निर्मात्याच्या पट्टीवर कोरलेला? रंग पुन्हा दिला जातो, म्हणून पट्टी जास्त भरवशाची. मग तो क्रमांक ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या नोंदींशी ताडून बघायचा.

दुसरा प्रश्न: वस्तू स्वतःहून काय सांगते? सी हॉकचे पंख दुमडतात, कारण नौकेवर जागा कमी. शेपटीखाली हुक आहे, कारण छोट्या डेकवर उतरताना आडव्या तारेत अडकूनच विमान थांबतं. म्हणजे नौका समोर नसली तरी तिच्या मर्यादा विमानाच्या अंगावर दिसतात.

तिसरा प्रश्न: वस्तू काय सांगत नाही? १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता, त्यामुळे तिचा वेग घटला होता. उड्डाणासाठी तर डेकवर समोरून जोराचा वारा लागतो, आणि तो नौकेच्या वेगातूनही मिळतो. ही अडचण विमान कितीही न्याहाळलं तरी कळणार नाही.

आणि ती नौका आता नाही. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ पासून दारूखान्यात मोडली गेली. तिच्या धातूचा काही भाग बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलींत गेला. नवी पेठेत खरेदीला गेलात तर तशी एखादी गाडी दुकानासमोर लावलेली दिसेलही. धातू तोच, पण आकार गेला, जागा गेली. त्या टाकीला तुम्ही बॉयलरबद्दल काही विचारू शकत नाही.

म्हणून आराखडा लिहिताना तीन रकाने करा: वस्तू काय सांगते, कागद काय सांगतो, माणूस काय सांगू शकतो. आणि काम तिसऱ्यापासून सुरू करा. विमान अजून काही वर्षं उभं राहील, कागद कपाटात राहतील. पण १९७१ मध्ये विशीत असलेले तंत्रज्ञ आज सत्तरीच्या पुढे आहेत.