काळ्या पाण्यावर गेलेला पूर्वज शोधताना

“आपले एक बुजुर्ग काळ्या पाण्यावर गेले,” असं घरात ऐकलं की आपण थेट अंदमान धरतो. आधी साल विचारा. अंदमानची कैदी वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली, सेल्युलर जेल तर १९०६ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला (१८१५ ते १८३७) आणि सिंगापूर, पिनांगलाही जात.

हाटकेशवाल्यांनी मीरा रोडहून चर्चगेट लोकल पकडावी. काळा घोडा इथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे न्याय खात्याचं जुनं दप्तर मागा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ मोबाईलवरही उघडतं.

खरी डोकेदुखी नावाची. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलं. शेख, शैक, शेक असे सगळे हिज्जे शोधा. (आमच्या वर्गाच्या हजेरीतही हेच चालतं!) आडनाव नसेलच, म्हणून वालिदचं नाव, गाव, वय, गुन्हा जुळवून पाहा. नुसत्या नावावरून ‘हेच आपले’ म्हणू नका.

आणि गुन्हा सत्तावनच्या बंडाचाच निघेल असं नाही, दरोडा किंवा खूनही निघतो. घरातल्या नानी-दादीला ही कल्पना आधीच देऊन ठेवा.