मुक्त पतनाचे उच्चांक : स्थिरक छत्रीचा प्रश्न

अतिउंचीवरून उडी घेणाऱ्यांच्या उच्चांकांची जी कोष्टके सर्वसाधारण ग्रंथांतून आढळतात, त्यांत १९६० ते २०१२ या काळाचा मान बहुधा अमेरिकन वायुदलातील जोसेफ किटिंजर यास दिलेला असतो. वैमानिक उच्चांकांना मान्यता देणाऱ्या फेडेरासिओं एरोनोटिक अँतरनास्योनाल या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या दप्तरी मात्र १९६२ नंतरच्या अर्धशतकासाठी मुक्त पतनाच्या अंतराचा उच्चांक येवगेनी आंद्रेयेव या रशियन छत्रीधाऱ्याच्या नावे होता. हा विरोध नोंदींच्या हलगर्जीपणातून उद्भवलेला नाही. ‘मुक्त पतन’ कशास म्हणावे, या मूळ प्रश्नाशी तो निगडित आहे.

या संज्ञेचा इतिहास हवाई छत्रीच्या इतिहासाहून बराच अर्वाचीन आहे. आंद्रे-झाक गार्नेराँ २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून छत्रीने खाली आला खरा. परंतु त्याची छत्री बलूनखाली टांगलेलीच होती, दोर कापताच ती फुगली. ते अवतरण होते, पतन नव्हे. उंचावरून पडणाऱ्या मनुष्याची शुद्ध हरपते, असा समज त्यानंतरही शतकाहून अधिक काळ प्रचलित होता. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली आर्विन याने अमेरिकेतील डेटन येथे विमानातून उडी घेतली आणि पडता पडता स्वहस्ते दोरी ओढून छत्री उघडली. जमिनीवर टेकताना त्याचा घोटा मोडला. पण त्याबरोबर तो जुना समजही मोडला.

पुढे विमाने अधिकाधिक उंच जाऊ लागली, तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. विरळ हवेत हातापायांच्या हालचालींनी तोल सावरता येत नाही. शरीर भोवऱ्यासारखे फिरू लागते आणि रक्त मस्तकाकडे लोटले जाते. वैमानिकाने आरंभीच मोठी छत्री उघडावी, तर प्राणवायूचा अभाव व थंडी यांनी तो वाटेतच मरावयाचा. यावर फ्रान्सिस बोप्रे याने जी योजना केली, तिच्यातील मुख्य घटक म्हणजे सुमारे सहा फूट व्यासाची लहान स्थिरक छत्री. ती वेग फारसा न रोखता शरीर सरळ ठेवते. या योजनेच्या ‘एक्सेलसियर’ नामक चाचण्यांतील पहिलीच उडी (१६ नोव्हेंबर १९५९) किटिंजरच्या जिवावर बेतली होती. लहान छत्री अडीच सेकंदांत, म्हणजे वेळेपूर्वीच, बाहेर पडून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली गेली. तो मिनिटास सुमारे १२० फेरे घेत बेशुद्ध झाला, आणि राखीव छत्री आपोआप उघडल्यामुळेच वाचला. तथापि १६ ऑगस्ट १९६० रोजी त्याने १,०२,८०० फुटांवरून, म्हणजे सुमारे ३१.३ किलोमीटरांवरून, उडी घेतली. उजव्या हातमोज्यातील दाब नाहीसा होऊन हात सुजला असताही त्याने ते वर चढतेवेळी लवकर कळविले नाही; कळविले असते, तर चाचणी रद्द झाली असती. स्थिरक छत्रीच्या आधाराने तो ४ मिनिटे ३६ सेकंद पडत होता. हा प्रयत्न वैमानिकांच्या सुरक्षिततेसाठी होता, आणि उच्चांक म्हणून तो वरील संस्थेकडे सादरच करण्यात आला नाही.

आंद्रेयेव याने १ नोव्हेंबर १९६२ रोजी ‘वोल्गा’ बलूनमधून उडी घेतली आणि स्थिरकाविना २४,५०० मीटर अंतर तो मुक्तपणे पडला. किटिंजरहून कमी उंची, परंतु कोणताही आधार नाही. त्याच बलूनमधून त्याच्यानंतर अधिक उंचीवरून प्योत्र दोल्गोव याने उडी घेतली. त्याने छत्री लगेच उघडावयाची होती, व ती उघडलीही; पण बाहेर पडताना शिरस्त्राणाची काच पाळण्याच्या भागावर आदळून तडकली, पोशाखातील दाब गेला, आणि छत्रीने जमिनीवर आणले ते त्याचे प्रेत. उच्चांकांच्या कोष्टकांत त्याला क्वचितच स्थान मिळते. अशा कोष्टकांवरच विसंबणाऱ्या अभ्यासकाला त्या दिवसाची अर्धीच हकीकत कळते, असे मला वाटते.

१४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बॉमगार्टनर याने ३८,९६९ मीटर उंचीवरून उडी घेतली, तेव्हा हा भेद पुन्हा महत्त्वाचा ठरला. त्याच्याजवळ स्थिरक होता. परंतु सहा सेकंद सतत ३.५ जी इतका ताण पडला, तरच तो आपोआप उघडावा, अशी व्यवस्था होती. बॉमगार्टनर गरगरू लागला, पण त्याने स्वतःस सावरले आणि स्थिरक उघडला नाही. त्यामुळे ताशी १,३५७.६ किलोमीटर हा ध्वनीहून अधिक वेग ‘स्थिरकाविना’ या सदरात नोंदला गेला. जमिनीवरून त्याच्याशी रेडिओवर बोलत होता तो ८४ वर्षांचा किटिंजर. पतनाचा काळ मात्र बॉमगार्टनरचा ४ मिनिटे २० सेकंदांच्या आसपास, म्हणजे किटिंजरहून कमीच, भरला.

पुढे २४ ऑक्टोबर २०१४ रोजी ॲलन युस्टेस हा बंद पाळण्याशिवाय, केवळ दाबयुक्त पोशाखात बलूनखाली लटकून ४१ किलोमीटरांहून अधिक उंच गेला व तेथून सुटला. त्याने स्थिरक वापरला. बॉमगार्टनरहून सुमारे अडीच किलोमीटर वरून पडूनही त्याचा कमाल वेग ताशी सुमारे १,३२० किलोमीटर, म्हणजे किंचित कमीच, राहिला. उडीच्या उंचीचा मान अशा रीतीने युस्टेसकडे गेला. स्थिरकाविना पतनाचे अंतर व वेग यांचे उच्चांक बॉमगार्टनरच्याच नावे राहिले.