साठवण-डिस्कची बदली (संगणक-समूहातील)

संगणक-समूहाच्या रॅकमधली बिघडलेली डिस्क काढून तिथे नवी बसवण्याचे काम. बहुधा समूह चालू असतानाच ते करावे लागते. हे क्वचित उद्भवणारे काम नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ महासंगणकाची (2024) साठवणक्षमता 33 पेटाबाइट आहे. एवढी माहिती 20 टेराबाइटच्या डिस्कवर ठेवायची झाली, तर जादा प्रती न धरताही 1,650 डिस्क लागतील. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत वर्षाला एक टक्क्याहून कमी बिघाड लिहिलेला असे. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी 2007 मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बदलीचे प्रमाण सर्रास 2 ते 4 टक्के निघाले. त्या हिशेबाने 1,650 डिस्कमागे वर्षाला 33 ते 66 बदल्या होतात.

यातला मोठा धोका डिस्क ओळखण्यात आणि कामाच्या क्रमात आहे. बसवणे त्यामानाने सोपे. अनेक डिस्कचा एक गट करणाऱ्या रेड-6 (RAID-6) रचनेत गटातल्या दोन डिस्क गेल्या तरी माहिती शाबूत राहते. एक बिघडलेली असताना चुकून शेजारची धडधाकट डिस्क ओढली, की ती सगळी सवलत संपली. म्हणून प्रणालीतून सिरियल नंबर वाचावा, त्या ट्रेचा ओळखदिवा लावावा, नंबर दुसऱ्या माणसाकडून जुळवून घ्यावा आणि तबकडी फिरायची थांबल्यावरच डिस्क बाहेर काढावी. माहितीची पुनर्बांधणी पूर्ण होईपर्यंत त्याच गटातल्या दुसऱ्या डिस्कला हात लावू नये. डिस्कनी भरलेले दोन जड खण एकाच वेळी बाहेर ओढले, तर रॅकच पुढे कलंडू शकतो.

राखीव डिस्क आपोआप काम हाती घेते, मग एवढा सोपस्कार कशाला, असे विचारले जाते. पण 20 टेराबाइट माहिती सेकंदाला 200 मेगाबाइट या वेगाने लिहायला जवळजवळ 28 तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर ताण असतो, आणि त्या बहुधा एकाच खरेदीतल्या, एकाच वयाच्या असतात. बॅकअप आहे, हा दुसरा आक्षेप. 2021 च्या डिसेंबरात क्योतो विद्यापीठात बॅकअपच्याच प्रोग्रॅममधल्या चुकीने महासंगणकावरची सुमारे 77 टेराबाइट माहिती पुसली गेली.

शिवाय सगळी माहिती एका मोलाची नसते. मॉडेलचे निकाल पुन्हा गणता येतात. पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली; त्याच अतिवृष्टीत घाटमाथ्यावर महाबळेश्वरला 24 तासांत 594.4 मिमी पाऊस नोंदला गेला. किती पावसानंतर महाड-पोलादपूरच्या वाड्या रिकाम्या करायच्या, हे ठरवायला अशाच मूळ नोंदी लागतात. त्या ज्या खणात असतील, तिथली ट्रे मोकळी करण्याआधी दुसऱ्या शहरातली प्रत उघडून, प्रत्यक्ष वाचून पाहिलेली असावी.