पत्त्यांची वही आणि पहारेकरी

१/ पैनगंगेच्या खोऱ्यातले किनवट जागचे कधी हलले नाही. त्याचा पत्ता मात्र बदलत गेला. निजामाच्या राज्यात ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्यात, म्हणजे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. गाव जिवंत असते, यादी शिळी होते. संगणकांच्या इतिहासातही हाच पेच वारंवार उभा राहिला.

२/ इंटरनेटच्या आधीचे जाळे म्हणजे अर्पानेट. त्यावरील सर्व संगणकांची नावे एकाच फाइलीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ही फाइल सांभाळी. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचे, त्यांनी नोंद करायची, इतरांनी प्रत उतरवून घ्यायची. जाळे वाढले आणि ही वही अपुरी पडू लागली.

३/ १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ‘डोमेन नेम सिस्टिम’ मांडली. एका वहीच्या असंख्य वह्या झाल्या. गावाचे दप्तर तलाठ्याकडे आणि तालुक्याचे तहसिलीत असावे, तसा प्रत्येकाने आपापल्या नावांचा हिशेब ठेवायचा. व्यवस्था टिकाऊ ठरली. पण संपूर्ण यादी आता कोणा एकाच्या हाती उरली नाही.

४/ १९९७ च्या एचटीटीपी १.१ मानकाने प्रत्येक विनंतीत संकेतस्थळाचे नाव देणे बंधनकारक केले. त्यामुळे एकाच सर्व्हरवर, एकाच अंकी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे सुखाने नांदू लागली. बाहेरून दार एक, आत बिऱ्हाडे अनेक!

५/ या वाड्याचा पहारेकरी म्हणजे देखरेखीची प्रणाली. ठरावीक वेळाने ती प्रत्येक पत्त्याला हाक मारते. उत्तर आले नाही तर घंटा वाजवते. १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ नावाने आलेली आणि पुढे ‘नागिओस’ म्हणून गाजलेली प्रणाली हेच करी. मात्र कोणाला हाक मारायची, ते माणसाने फाइलीत लिहून ठेवावे लागे. नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि नोंद राहून गेली, तर ते रात्री बंद पडले तरी घंटा वाजत नसे. पहारेकरी जागा असे; त्या दाराकडे त्याचे लक्षच नसे.

६/ उपाय साधा होता: माणसाच्या स्मरणशक्तीला विचारू नका, सर्व्हरलाच विचारा. कोणती संकेतस्थळे दाखवायची, हे त्याच्या स्वतःच्या मांडणी-फाइलीत लिहिलेले असतेच. देखरेख प्रणालीने ती फाइल वेळोवेळी वाचावी आणि नवे नाव दिसताच त्यावर पहारा बसवावा. लाटव्हियात जन्मलेल्या ‘झॅबिक्स’ने २०१२ च्या २.० आवृत्तीत अशा स्वयंचलित शोधाची सोय दिली.

७/ दुसरा मार्ग एका चोरीतून निघाला. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या ‘डिजिनोटार’ संस्थेत घुसून हल्लेखोरांनी गूगलसह अनेकांच्या नावे खोटी सुरक्षा-प्रमाणपत्रे काढली. म्हणून २०१३ मध्ये प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवहीचे मानक आले. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अधिकारातून गूगलच्या काही पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले, तेव्हा या पारदर्शकतेची निकड भारतालाही कळली. २०१८ पासून क्रोम ब्राउझर नव्या प्रमाणपत्रांसाठी अशा नोंदीचा आग्रह धरू लागला. परिणामी मोठ्या संस्थेला आपलीच विसरलेली संकेतस्थळे तेथे सापडतात. अर्थात ती वही चोरही वाचतो. आणि ‘तारांकित’ प्रमाणपत्र असेल, तर त्याखालची नावे तेथे दिसत नाहीत.

८/ स्वयंचलित शोधाचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. मांडणी-फाइलीतून एखादे नाव चुकून पुसले गेले, तर यंत्रही ते निमूट विसरू शकते. १९५६ नंतर केवळ आदिलाबादचे दप्तर पाहणाऱ्याला किनवट उरलेच नाही असे वाटले असते! म्हणून नवे नाव सापडले की जसे कळवावे, तसे जुने नाव नाहीसे झाले तरीही कळवावे, आणि ते यादीतून काढण्यापूर्वी माणसाने खात्री करावी. दाखल्यासाठी खिडकीपाशी ताटकळणाऱ्याला यादीशी देणेघेणे नसते. त्याला पान उघडायला हवे असते.